दिवाळीच्या सुट्टीत येतो

गेल्या आठवड्यात घरातली कपाटे आवरताना एक जुने पुस्तक हाती लागले. मोडी लिपी शिकवणारे. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात तारीख घातलेली आहे, १८ नोव्हेंबर १९८०. आतल्या पहिल्या अकरा पानांवर पेन्सिलीने गिरवल्याच्या खुणा आहेत. बाराव्या पानापासून पुस्तक अगदी कोरे. सौ. म्हणाली, "रद्दीत टाकू का?" मी नको म्हणालो आणि ते हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. या पुस्तकामागे एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुणाला धडपणे सांगितलेली नाही, कारण तिच्यात माझे कौतुक होण्यासारखे काही नाही. पण पंच्याहत्तरी जवळ आली आहे, आणि शिक्षकाने आपली चूकही फळ्यावर लिहून दाखवावी असे मला वाटते. म्हणून आज लिहितो.

त्या वर्षी मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो. नववीच्या वर्गावर इतिहासाच्या साधनांविषयी बोलत होतो. लिखित साधने, भौतिक साधने, मौखिक साधने, असे नेहमीचे. लिखित साधनांचे उदाहरण म्हणून सनदा, पत्रे, बखरी, शकावल्या अशी नावे सांगितली. तास संपल्यावर एक मुलगा टेबलापाशी आला. हुशार म्हणावा असा नव्हता, शेवटच्या बाकावर बसायचा. म्हणाला, "सर, आमच्या माळ्यावर पण असले कागद आहेत. मोडीतले. दोन गाठोडी. आमचे आजोबा कुणाला हात लावू देत नाहीत. पण तुम्ही आलात तर दाखवतील."

त्याचे घर शाळेपासून पाच-सहा मैलांवरच्या गावात. घराणे जुने वतनदार. मला मनापासून आनंद झाला. त्याच्या पाठीवर थाप मारून मी म्हणालो, "आजोबांना सांग, दिवाळीच्या सुट्टीत येतो."

पुढचे नंतर सांगतो. त्याआधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. नाहीतर त्या दोन गाठोड्यांचे महत्त्व लक्षात येणार नाही.

मराठ्यांचा पहिला मोठा इतिहास लिहिला तो एका इंग्रज अधिकाऱ्याने, ग्रँट डफने. त्याचे तीन खंड १८२६ साली निघाले. पेशवाई बुडून तेव्हा आठ वर्षे झाली होती. डफ साताऱ्यास रेसिडेंट होता, त्याला कागदपत्रे पाहायला मिळाली, माणसेही भेटली. त्याने कष्ट केले यात शंका नाही. पण पुढची चाळीस वर्षे आपल्याकडे काय झाले? आपण डफचे भाषांतर वाचत बसलो. ज्यांनी सवाई माधवरावाचा दरबार पाहिला होता, खर्ड्याच्या लढाईत जे प्रत्यक्ष होते, अशी माणसे या काळात एकेक करून गेली. त्यांना विचारावे, त्यांच्याकडचे कागद पाहावेत, असे कुणाला सुचले नाही. सुचले असेल तर जमले नाही.

१८६८ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने यांची ग्रँट डफच्या बखरीवरची टीका प्रसिद्ध झाली. कीर्तने तेव्हा चोवीस वर्षांचे तरुण होते. डफच्या चुका त्यांनी दाखवल्याच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की आपला इतिहास आपल्याच कागदांवरून आपणच लिहिला पाहिजे हा विचार त्यांनी मांडला. आता हा विचार कुणी खोडून काढला नाही. सगळ्यांना पटला. आणि पटूनही आणखी दहा वर्षे गेली! १८७८ साली का. ना. साने, ज. बा. मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढले तेव्हा कुठे बखरी आणि पत्रे छापून यायला लागली. ते मासिक सुमारे दहा वर्षे चालले. ही मंडळी कोण होती? साने आणि मोडक शिक्षणखात्यातले. चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी करून बाहेर पडलेले. म्हणजे सगळे मास्तर! मास्तरांना सवड कमी असते हे मला कुणी सांगायला नको.

आणखी एक मास्तर मिरजेस होते. वासुदेवशास्त्री खरे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. पटवर्धन सरदारांच्या दफ्तरात पत्रांचे ढीग पडलेले होते. शाळेचे तास, घरी शिकवणी, नाटके लिहिणे, हे सांभाळून शास्त्रीबुवांनी ते ढीग उपसले, पत्रे वाचली, लावली, आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने छापायला सुरुवात केली. १९२४ साली वारले तोवर हे काम चालूच होते. हैदरावरच्या मोहिमांचा, नाना फडणिसांच्या काळातल्या कर्नाटकातल्या राजकारणाचा जो तपशील आज आपल्याला माहीत आहे, त्यातला बराचसा या एका शिक्षकाने वाचलेल्या कागदांतून आलेला आहे.

आणि मग विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. बी. ए. व्हायला त्यांना अठ्ठाविसावे वर्ष उजाडले. काही काळ शाळेत शिकवले. बायको लवकर गेली, पुन्हा लग्न केले नाही. 'भाषांतर' नावाचे मासिक काढले, ते तीनेक वर्षांत बंद पडले. म्हणजे तिशी उलटलेला, नोकरी नसलेला, पैसा नसलेला, एक उद्योग बसलेला माणूस. अशा माणसाला वाईत एका जुन्या घरात पानिपतच्या काळातले कागद असल्याचे समजले. राजवाड्यांच्या मागे त्या वेळी कोणतीही संस्था नव्हती. कुणाचे अनुदान नव्हते. हा माणूस गेला, कागद मिळवले, वाचून काढले, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड लांबलचक प्रस्तावनेसह छापून मोकळा झाला. या मालेचे पुढे बावीस खंड झाले. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात स्थापन झाले, म्हणजे पहिल्या खंडानंतर बारा वर्षांनी. हा क्रम नीट लक्षात घ्या. संस्था झाली, मग काम सुरू झाले असे नाही. काम सुरू झाले, ते वाढले, आणि मग त्याला बसायला जागा लागली.

राजवाडे पुढे आयुष्यभर हिंडले. कुठे कागद आहेत असे कानावर आले की निघायचे. हाताने स्वयंपाक करून खायचे, मिळेल तिथे पडायचे. प्रवास बहुतेक पायी नाहीतर बैलगाडीने. पुष्कळ घरी दार लावून घेतले जाई. त्यालाही कारण होते. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी इनाम कमिशन नेमले होते, आणि कागद दाखवले तर इनाम जाते हा धडा लोकांच्या मनावर पक्का बसला होता. दारात आलेल्या परक्या माणसाने "तुमच्या पणजोबांचे कागद दाखवा" म्हटले तर कोण दाखवणार? तरी ते जात. एकदा नाही म्हटले तर पुन्हा जात. त्यांना घाई होती, आणि ती घाई कसली हे त्यांना पक्के ठाऊक होते. वाळवी, पावसाळा, आग आणि वाण्याचे दुकान, या चौघांशी त्यांची शर्यत लागली होती.

आता पहिल्याच खंडातल्या पत्रांविषयी सांगतो. हा योगायोग मला नेहमी वाटतो, की उशीर न करता वाचवलेले हे कागद एका मोठ्या उशिराचीच हकीगत सांगतात.

पानिपत म्हटले की आपण १४ जानेवारी १७६१ हा दिवस पाठ करतो. पण पानिपत एका दिवसात झाले नाही. जानेवारी १७६० मध्ये बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले. फेब्रुवारीत भाऊसाहेबांनी उदगीरला निजामाचा पराभव केला आणि मार्चच्या मध्यास परतुडाहून फौज उत्तरेला निघाली. बरोबर जड तोफा, बुणगे, यात्रेकरू. वाटेत पैशाची ओढाताण. अब्दाली होता यमुनेपलीकडे, दुआबात. पावसाळ्यापूर्वी नदी उतरून त्याला गाठावे असा भाऊंचा बेत होता. त्यासाठी नावा जमवण्याची, पैसा पाठवण्याची, शत्रूची रसद मारण्याची पत्रे दुआबातल्या गोविंदपंत बुंदेल्यांना जात होती. ही पत्रे राजवाड्यांच्या खंडात आहेत. ती एकामागून एक वाचली की जीव कासावीस होतो. मजकूर जवळजवळ तोच तोच. पैसा पाठवा, नावा जमवा, सुजाउद्दौल्याला राखा. फौज यमुनेपर्यंत पोचली तेव्हा जुलै लागला होता आणि नदी दुथडी भरून वाहत होती. त्याच महिन्यात सुजाउद्दौला अब्दालीला जाऊन मिळाला. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, पण यमुनेपलीकडे जाण्याची वेळ निघून गेली होती. ऑक्टोबरात भाऊ कुंजपुऱ्याकडे गेलेले असताना अब्दालीने बागपतपाशी तीच यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा परतीचा रस्ता अडवला.

वर्गात मी हा भाग शिकवायचो तेव्हा मुले विचारायची, "सर, मग चूक कुणाची?" सुरुवातीची काही वर्षे मी एक नाव सांगून मोकळा व्हायचो. कधी भाऊंचे, कधी होळकरांचे, कधी गोविंदपंतांचे. राजवाड्यांनी आपल्या प्रस्तावनेत मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत यांच्यावर फार कडक ठपका ठेवला. पुढच्या अभ्यासकांना तो सगळा मान्य झाला नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी 'पानिपत १७६१' या ग्रंथात निराळी मांडणी केली. वाद अजून संपलेला नाही. पण वयाबरोबर मला त्या पत्रांत आणखी काही दिसू लागले. त्या पत्रव्यवहारात "मी हे करणार नाही" असे कुणी म्हणत नाही. गोविंदपंत नाही म्हणत नाहीत. वसुली होत नाही, जमीनदार उलटले आहेत, पाऊस लागला आहे, अशा अडचणी सगळीकडे आहेत आणि त्या खोट्याही नाहीत. तो म्हातारा कमाविसदार त्याच डिसेंबरात अब्दालीच्या सैन्याकडून मारला गेला. त्याला नुसता कामचुकार म्हणून कसे चालेल? ज्याच्या त्याच्या बाजूने पाहिले तर उशिराचे कारण खरेच असते. अशी दहा खरी कारणे एकत्र झाली आणि जुलै उजाडला. नदीला कारणे सांगून उपयोग नसतो.

कागदांचेही तसेच असते. वाळवीला आपली अडचण सांगता येत नाही.

आता माझ्या दिवाळीच्या सुट्टीकडे येतो.

१९८० ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. सुट्टी लागली. घरी पाहुणे आले. भाऊबीज झाल्यावर जाऊ म्हणालो. मग मनात एक विचार आला, आणि तो इतका शहाणपणाचा वाटला की मी त्याला लगेच वश झालो. मला मोडी कुठे येते? तिथे जाऊन कागद नुसते पाहून काय करणार? आजोबांनी "वाचा" म्हटले तर मास्तरची काय शोभा? आधी मोडी शिकावी आणि मग जावे. पुण्याला गेलो होतो तेव्हा अप्पा बळवंत चौकातून हे पुस्तक विकत घेतले. (ज्यांच्या नावाचा हा चौक त्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेतच पडले. पुस्तक घेताना मला हे आठवले होते, इतका मी इतिहासाचा मास्तर होतो!) पुस्तक घेतल्यावर मला काम निम्मे झाल्यासारखे वाटले. अकरा पाने गिरवली. मग सहामाहीचे पेपर तपासायला आले.

फेब्रुवारी १९८१ मध्ये जनगणना आली. शिक्षकांना घरोघर फिरावे लागले. गंमत पाहा, त्या महिन्यात मी शेकडो घरांच्या उंबऱ्यावर उभा राहिलो, पण त्या एका घरी गेलो नाही, कारण ते गाव माझ्या वाटणीला नव्हते. मग वार्षिक परीक्षा. मेमध्ये धाकटीचा जन्म. जूनमध्ये शाळा सुरू. पावसाळ्यात तो रस्ता चिखलाचा. मुलगा आता दहावीत गेला होता. अधूनमधून वऱ्हांड्यात भेटला की म्हणायचा, "सर, आजोबा विचारत होते." मी म्हणायचो, "अरे हो, यायचेच आहे. दिवाळीत नक्की." दुसरी दिवाळीही गेली. पुढे पुढे तो विचारेनासा झाला. मलाही त्याच्या नजरेला नजर द्यायला संकोच वाटू लागला, आणि संकोचामुळे मी आणखी टाळू लागलो. हे असे होते. पहिल्या उशिराला कारण असते. नंतरच्या उशिराला आधीचा उशीर हेच कारण होऊन बसते.

१९८२ च्या मे महिन्यात, त्याची दहावीची परीक्षा झाल्यावर, एका सकाळी मी सायकल काढली आणि गेलो. वीस महिने झाले होते.

वाडा मोठा होता. पुढची बाजू उभी, मागची पडायला आलेली. मुलाची आई बाहेर आली. मी नाव सांगताच तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, घोंगडी टाकली, पाणी दिले. आजोबा मार्च महिन्यात गेले होते. मला शाळेत कुणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर माझ्या लक्षात राहिले नव्हते. मी थोडा वेळ गप्प बसून मग कागदांचा विषय काढला.

ती म्हणाली, "गुरुजी, तात्यांनी ती गाठोडी माळ्यावरनं खाली काढून घेतली होती. तुम्ही येणार म्हणून. नव्या फडक्यात बांधून खुंटीला लावून ठेवली होती वर्षभर. कुणी हात लावला की ओरडायचे, मास्तर यायचेत म्हणायचे. ते गेल्यावर दिवस झाले, घर सारवलं, आवराआवर केली. आता ते कागद कुणाला वाचता येत होते? बंबात घातले. चार-सहा दिवस पाणी तापलं त्यावर."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. ती चहा ठेवायला आत गेली आणि मी त्या रिकाम्या खुंटीकडे पाहत बसलो.

माळ्यावर ते कागद सुरक्षित होते हो! दीडशे-दोनशे वर्षे तिथे टिकलेच होते की. ते खाली आले ते माझ्यामुळे, आणि बंबात गेले तेही खाली होते म्हणूनच. आपले बोलणे कुणीतरी खरे मानून बसलेले असते हे आपल्याला कळतही नाही.

निघताना तिने एक कागद आणून दिला. मुलाने पेटीच्या तळाला घातला होता म्हणून राहिला होता. हातबनावटीचा जाड कागद, वरचा भाग फाटलेला, बोरूने लिहिलेल्या ओळी, शाई अजून काळीभोर. मला त्यातले एक अक्षर वाचता आले नाही.

पुढे निवृत्त झाल्यावर मी वर्गात जाऊन मोडी शिकलो. तीन महिन्यांत कामापुरती यायला लागली. तीन महिने! मग तो कागद वाचला. त्यात जोंधळे, तूप आणि गूळ यांचा हिशोब आहे. कोणत्या सालचा ते कळत नाही, कारण साल वरच्या फाटलेल्या भागात गेले. बाकीच्या दोन गाठोड्यांत काय होते? सगळे हिशोबच असतील. किंवा नसतील. हे "किंवा नसतील" गेली चाळीस वर्षे माझ्याबरोबर आहे.

आता थोडा विचार करू. मला नेहमी वाटायचे की दिरंगाई म्हणजे आळस. पण मी आळशी नव्हतो. त्या वीस महिन्यांत मी एकही तास बुडवला नाही, स्नेहसंमेलन बसवले, स्काउटची मुले घेऊन प्रतापगडला गेलो. माझी दिरंगाई आळसाची नव्हती, ती तयारीची होती. "आधी नीट शिकू, मग जाऊ." हा विचार दिसायला सात्त्विक आहे, म्हणूनच तो फसवतो. राजवाड्यांनी काय वेगळे केले? आधी योग्य जागा, योग्य पैसा, योग्य माणसे जमू देत असे म्हटले नाही. हातात होते तेवढ्यावर गेले. मला मोडी येत नव्हती हे खरे, पण कागद वाचायला जायचेच नव्हते. कागद वाचवायला जायचे होते! ते गाठोडे सायकलच्या कॅरिअरला बांधून पुण्याला मंडळात नेऊन द्यायला मोडी कशाला हवी होती? वाचणारे तिथे होतेच. कोणते काम थांबू शकते आणि कोणते थांबू शकत नाही, एवढे मला ओळखता आले नाही. मोडी तीस वर्षांनंतरही शिकता आली. गाठोडे वीस महिनेही थांबले नाही.

आणि तो काळ तर विशेष निकडीचा होता, हे मला नंतर समजले. हे कागद इतकी वर्षे घराघरांत टिकले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. ते वतनाचे, जमिनीचे, मानपानाचे पुरावे होते म्हणून टिकले. स्वातंत्र्यानंतर ती परिस्थिती बदलली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी गेली. ते व्हायलाच हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे कागदांची किंमत संपली. त्याच सुमारास शाळांतून मोडीही गेली. म्हणजे एकाच पिढीत कागद निरुपयोगीही झाले आणि न वाचता येण्याजोगेही झाले. घरात शेवटचा जाणता म्हातारा असेपर्यंत त्यांना राखण होती. तो गेला की बंब. १९८० साली महाराष्ट्रात असे म्हातारे गावोगाव होते. त्यांच्या दारात जायला गावोगाव शिक्षकही होते. माझ्यासारखे.

घाईचे तोटेही सांगितले पाहिजेत, नाहीतर एकांगी होईल. राजवाडे उतावळे होते, तापट होते. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. स्वतः स्थापन केलेल्या मंडळाशीही त्यांचे बिनसले आणि अखेरची वर्षे त्यांनी धुळ्याला काढली. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली, पण तिची मूळ पोथी पुढे अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही, आणि त्यावरून वाद राहिला. तेव्हा त्वरेने मिळवावे, पण मत सावकाश बनवावे, हे त्यांच्या उदाहरणातून शिकण्यासारखे आहे. तरीही त्यांचे चुकलेले निष्कर्ष दुरुस्त करता आले, कारण छापलेली पत्रे समोर होती. जळालेल्या पत्रांवरून कुणाचाच निष्कर्ष दुरुस्त होत नाही.

३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्याला वारले. दुसऱ्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांचे साहित्य जपण्यासाठी तिथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. धुळेकरांनी उशीर केला नाही, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. आणि उतारवयातल्या वाचकांसाठी आणखी एक. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला राहायला आले होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडक कागद छापण्याचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा ते पासष्टीला टेकले होते. "आता या वयात" असे म्हणायला त्यांना पूर्ण अधिकार होता. १९३० ते १९३४ या चार-पाच वर्षांत त्यांनी पंचेचाळीस भाग काढले.

बैल गेला आणि झोपा केला, अशी आपल्याकडे म्हण आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. मी म्हणतो, बैल गेल्यावर का होईना, दार करावे. दुसरा बैल असतो.

गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आता ती स्वतः आजी झाली आहे. "सर, सासूबाईंच्या ट्रंकेत मोडी कागद निघालेत. केव्हा तरी सवडीने पाहाल का?" मी घड्याळ पाहिले. साडेचार वाजले होते. म्हटले, "आत्ता येऊ का?" ती हसली. मला वाटते, तिला ते म्हातारपणाचे चळ वाटले असावेत. नातवाला गाडी काढायला लावली आणि साडेपाचला तिच्याकडे पोचलो. कागद पंचवीस-तीसच होते. एका दुकानदाराची देण्याघेण्याची टिपणे, दोन लग्नांच्या याद्या, एक गहाणखत. इतिहास बदलेल असे काही नव्हते. नातवाने मोबाईलवर प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. तासाभरात काम झाले. गहाणखत वाचून दाखवले तेव्हा तिच्या नवऱ्याला आपल्या पणजीचे नाव पहिल्यांदा कळले. त्या बाईने आपले दागिने ठेवून शेत सोडवले होते. तो माणूस काही वेळ बोलला नाही.

मंडळी, तुमच्या घरी, गावी, आजोळी असे काही असेल तर एवढेच करा. माळ्यावर चढा. कागद उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करू नका. कोरड्या सुती फडक्यात ठेवा. फोटो काढा. वाचता येत नसले तरी काढा. मग पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचे राजवाडे मंडळ आहे, मोडी जाणणारी पुष्कळ तरुण मुलेही आता आहेत, त्यांना विचारा. आणि घरात अजून कुणी नव्वदीचे असेल तर "हे कुणाचे?" एवढे त्यांना आजच विचारून घ्या.

तो मोडीचा प्राथमिक मी रद्दीत दिला नाही. नातवाला दिला. त्याने विचारले, "आजोबा, बाराव्या पानापासून का कोरे आहे?" मी म्हटले, "बस, सांगतो."